विश्लेषण : उपोषणाचे मंडप उतरले, डीजेवरची गाणी का थांबत नाहीत?

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही एकाच अंबड तालुक्यातील दोन गावे आरक्षणाच्या वादातील दोन बाजूंची ओळख बनली. उपोषणे सुटली, मंडप उतरले, नेते पुढच्या दौऱ्यांना लागले. गावात मात्र वरात निघाली किंवा जयंतीची मिरवणूक आली, की डीजेवर कोणते गाणे लागते याकडे सगळ्यांचे कान असतात. संघर्ष ओसरल्यानंतर तो गाण्यात कसा शिल्लक राहतो, त्यातून ‘स्टार’ कसे घडतात आणि हीच गाणी माणसांना पुन्हा एकत्र आणू शकतात का, याविषयी...

प्रश्न फक्त आवाजाचा आहे का?

डीजेवरची चर्चा बहुतेक वेळा आवाजापासून सुरू होते आणि तिथेच संपते. म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते, बाळे दचकून उठतात, परीक्षेच्या दिवसांत मुलांना अभ्यास होत नाही, हे सगळे खरेच आहे. मराठवाड्यात त्याला आणखी एक बाजू आहे. गाणे कुणाचे आहे, ते कुणाच्या दारासमोर मुद्दाम थांबून वाजवले जाते, त्यावर कोण नाचते आणि कोण दार लावून घेते, याला गावात अर्थ असतो. भाषणात जे उघड बोलता येत नाही, ते गाण्याच्या एका ओळीत म्हणता येते. आणि कुणी जाब विचारलाच, तर ‘गाणेच तर लावले’ असे म्हणून हात झटकता येतात.

जालन्यात नेमके काय घडले?

मनोज जरांगे पाटील यांचे अंतरवाली सराटीतील उपोषण २९ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले. १ सप्टेंबरला तेथे पोलिसांनी लाठीमार केला आणि एका रात्रीत हे गाव राज्यभर पोहोचले. १४ ऑक्टोबरला त्याच गावात प्रचंड सभा झाली. मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देऊन ओबीसीत घेण्याच्या मागणीला विरोध करण्यासाठी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी अंबडमध्ये ओबीसींची एल्गार सभा झाली. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी वडीगोद्रीत उपोषण केले. सप्टेंबर २०२४ मध्ये तर दोन्ही बाजूंची उपोषणे एकाच वेळी, काही किलोमीटरच्या अंतरावर सुरू होती. रस्ता एकच असल्याने येता-जाता दोन्हीकडून घोषणा झाल्या.

याच काळात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जालन्यातून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे पराभूत झाले. शेजारच्या बीडमध्ये निकालानंतर एकमेकांच्या दुकानांवर बहिष्कार घालण्याची भाषा झाली. पुढे २०२५ मध्ये बीड पोलिसांनी अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या टेबलावरील पाट्यांवरून आडनावे काढून केवळ नावे ठेवण्याचा निर्णय घेतला. आडनाव वाचूनच समोरच्याबद्दल मत होते, याची ही एक प्रकारे सरकारी कबुलीच होती. मुंबईतील आझाद मैदानावरील उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला. त्यावर एका बाजूला गुलाल उधळला गेला आणि दुसऱ्या बाजूला संताप व्यक्त झाला.

हे युद्ध नव्हते. पण एकाच पारावर बसणारी माणसे वेगवेगळ्या पारांवर बसू लागली, तर त्यानंतरच्या काळाची लक्षणे युद्धोत्तर समाजाशी मिळतीजुळती दिसतात. वाद मिटलेला नसतो, रोजचे जगणे मात्र शेजारी-शेजारीच असते.

मूक मोर्चापासून डीजेपर्यंत कसे आलो?

कोपर्डीच्या घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला. पुढे राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले. शांतता ही त्यांची ओळख होती. घोषणा नाहीत, भाषणबाजी नाही, पुढे मुली आणि महिला, मागे स्वयंसेवक, आणि मोर्चा संपल्यावर रस्ता झाडून स्वच्छ. त्या मौनाने सरकारवर दबाव आणला आणि इतर समाजांनाही फारसे दुखावले नाही.

त्याच वर्षी ‘सैराट’ चित्रपटातील ‘झिंगाट’ राज्यातील प्रत्येक वरातीत वाजत होते. चित्रपटाचा विषय आंतरजातीय प्रेम आणि त्यातून झालेला खून असा होता. काही संघटनांनी त्यावर आक्षेपही घेतले. पण गाणे लागल्यावर कुणी दिग्दर्शकाची जात विचारून नाचायचे थांबले नाही.

२०२३ नंतरचे चित्र वेगळे आहे. मधल्या काळात स्वस्त इंटरनेट आले, प्रत्येक हातात स्मार्टफोन आला, रील्स आल्या. आंदोलनाला आता आवाज हवा होता, आणि तो आवाज काही सेकंदांच्या क्लिपमध्ये मावणारा हवा होता. नेत्याचे भाषण, त्यातील एक ठसकेबाज वाक्य आणि त्याखाली दणदणीत ठेका, हा साचा सगळ्याच बाजूंनी उचलला.

गाणे तयार कसे होते आणि पैसा कुठून येतो?

कॅसेटच्या काळात लोकगीत गाणाऱ्याला कंपनीच्या दारात उभे राहावे लागे. आता तालुक्याच्या गावातील एका खोलीत संगणक, मायक्रोफोन आणि तयार ठेके मिळतात. गाणे रेकॉर्ड होते, यूट्यूबवर चढते, त्याची रील होते, आणि तेच गाणे डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये जाते. समाजमाध्यमांवर ज्याला लगेच प्रतिसाद मिळतो, ते अधिक लोकांना दाखवले जाते. जातीच्या अभिमानाच्या गाण्याला तयार श्रोता असतो. त्याला आवड निर्माण करावी लागत नाही, डिवचणे पुरते. त्यामुळे नवख्या गायकासाठी हा प्रसिद्धीचा जवळचा रस्ता ठरतो.

दुसरा पैसा गावातूनच येतो. पुढाऱ्याचा वाढदिवस, निवडणुकीतील विजय, गावची यात्रा, जयंती, लग्न. कापूस, सोयाबीन किंवा मोसंबीचा भाव पडला असला, तरी वरातीत डीजे नसेल तर पाहुणे नाव ठेवतात, ही धास्ती अनेक घरांत असते. वर्गणी, उसनवारी आणि पुढाऱ्याची मदत यावर हा खर्च भागतो. मदत करणारा पुढारी मग गाण्यांच्या यादीतही असतो.

पूर्वी गावात वाजवणारा माणूस गावचाच असे. हलगी, संबळ, सनई वाजवणाऱ्यांना कुणाच्या दारात काय वाजवायचे आणि काय नाही, याचे भान असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वाजवणाऱ्याला लग्नात मान होता, पंगतीत मात्र तो शेवटी आणि दूर बसे. धर्मांतरानंतर अनेकांनी हे गावकीचे वाजवणे सोडले, ते याच अपमानामुळे. पण डीजेवाला बाहेरगावचा असतो. त्याला गावातील जुनी भांडणे ठाऊक नसतात. ज्याने पैसे दिले, त्याची फर्माईश वाजते.

नेता ‘स्टार’ कसा होतो?

मराठवाड्यातील अलीकडच्या दौऱ्यांमध्ये जेसीबीतून फुले उधळणे, क्रेनने उचललेला भला मोठा हार आणि रात्री उशिरापर्यंत चाललेल्या सभा हे नेहमीचे दृश्य झाले. मनोज जरांगे पाटील यांच्या आयुष्यावर ‘संघर्षयोद्धा’ हा चित्रपट जून २०२४ मध्ये, म्हणजे आंदोलन सुरू असतानाच प्रदर्शित झाला. दुसऱ्या बाजूच्या नेत्यांच्याही एंट्रीच्या रील्स, त्यांच्यावरची गाणी आणि स्टेटस तितक्याच वेगाने फिरू लागले.

यात नवे काय? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही गाणी होती. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी डफावर थाप मारून मैदाने जागवली. त्या गाण्यांतील ‘आपण’ म्हणजे मराठी बोलणारा कामगार आणि शेतकरी होता. गाणारे तिघे वेगवेगळ्या समाजांतून आलेले होते. आजच्या डीजेवरील ‘आपण’ बहुतेक वेळा एका जातीपुरता आहे आणि गाण्याचा विषय मागणी नसून माणूस आहे. मागणीवर चर्चा होऊ शकते, आकडे आणि कागद पुढे ठेवता येतात. लाडक्या ‘स्टार’वर चर्चा होत नाही. त्याच्यावरील टीका हा थेट चाहत्याचा अपमान ठरतो.

गाण्यावरून खरेच जीव जातो का?

महाराष्ट्राला याचा कडवट अनुभव आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर वाजलेल्या डॉ. आंबेडकरांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून वादाला सुरुवात झाली होती. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात लग्नाची वरात सुरू असताना एका बौद्ध तरुणाला भोसकून मारण्यात आले. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा कुटुंबाचा आरोप आहे.

दोन्ही घटनांत वेगवेगळ्या आवाजांना गावात वेगवेगळे वजन होते, हे दिसते. एकाच्या खिशातला मोबाइल वाजला तरी तो आगाऊपणा ठरला. दुसऱ्याची वरात रस्ता अडवून वाजत राहिली, तरी तो रिवाज मानला गेला. म्हणूनच ‘सगळेच डीजे सारखे’ असे म्हणून हा प्रश्न निकाली काढता येत नाही. दलित वस्तीसाठी जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्यावरून जाणे हा नुसता करमणुकीचा भाग नसतो. अनेक गावांत तो हक्क भांडून मिळवावा लागला आहे. विद्यापीठ नामांतराच्या प्रश्नावर १९७८ मध्ये मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या सोळा वर्षांची आठवण आजही घराघरांत आहे.

जालन्याची रात्र कुणाची?

मोठ्या शहरांत ‘नाइटलाइफ’ म्हटले की पब आणि क्लब आठवतात. जालना जिल्ह्यात पोलादाचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या असल्या, तरी गावच्या तरुणाला रात्री जायला जागा मोजक्याच. ढाबा, यात्रेतील तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा, सप्ताहातील कीर्तन, लग्नाची वरात आणि मिरवणूक. तुळशीच्या लग्नापासून पावसाळ्यापर्यंतचा लग्नसराईचा काळ हाच इथला रात्रीच्या करमणुकीचा हंगाम. शिक्षण घेऊन नोकरी नसलेला आणि शेतीमुळे स्थळ न मिळणारा तरुण या गर्दीत मोठ्या संख्येने असतो. डीजेसमोरचा तासभर त्याला आपण कुणीतरी आहोत असे वाटायला लावतो. ही गरज ओळखल्याशिवाय नुसता उपदेश कामाला येत नाही.

या रात्री बायका कुठे असतात? बहुतेक वेळा घरात, नाहीतर थेट मंचावर. गौतमी पाटील हिच्या कार्यक्रमांना २०२२-२३ मध्ये राज्यभर जी गर्दी लोटली, ती जवळपास सगळी पुरुषांची होती. सांगली जिल्ह्यातील बेडग येथे गर्दी शाळेच्या छतावर चढली आणि कौले फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कपडे बदलताना चोरून केलेला तिचा व्हिडीओ पसरवण्यात आला आणि गुन्हा दाखल झाला. तिच्या हावभावांवर लावणी कलावंतांनी टीका केली, तिने माफीही मागितली. कीर्तनकार इंदुरीकर महाराजांनी तिच्या मानधनाची तुलना कीर्तनकाराच्या मानधनाशी करून नाराजी व्यक्त केली. एका रात्रीसाठी गाव कुणाला किती पैसे देते, हा त्यातला खरा मुद्दा होता.

गाणे जातीची वेस ओलांडते का?

ओलांडते, आणि याचे पुरावे जुने आहेत. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी गायली, कव्वाली गायली आणि भीमगीतेही गायली. एका दलित घरातील हा आवाज आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर आणि १४ एप्रिलला जयंतीत, दोन्हीकडे आपला मानला गेला. त्यांचा मुलगा आनंद शिंदे आणि नातू आदर्श शिंदे यांची गाणी आज कोणत्याही समाजाच्या वरातीत वाजतात.

गौतमी पाटील हिचे उदाहरण याहून बोलके आहे. मे २०२३ मध्ये काही मराठा संघटनांनी तिने ‘पाटील’ आडनाव लावू नये, अशी मागणी केली. तिने आडनाव सोडायला नकार दिला. तिच्या कार्यक्रमांची गर्दी त्या वादामुळे ओसरली नाही. अंतरवालीतील लाठीमाराच्या तीनच महिने आधी झालेला हा वाद आडनावाभोवतीचा ताण दाखवतो आणि प्रेक्षक त्याला नेहमीच भीक घालत नाही, हेही दाखवतो.

कारण साधे आहे. राजकारणाला श्रोता विभागलेला लागतो, तर बाजाराला श्रोता जितका जास्त तितका हवा. ज्या गायकाला राज्यभर जायचे आहे, त्याला एका जातीपुरते गाऊन भागत नाही. गाणे या दोन ओढींमध्ये सापडलेले असते.

सर्बियाचा अनुभव काय सांगतो?

नव्वदच्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला आणि भीषण युद्ध झाले. त्या काळात सर्बियात लोकसंगीत आणि डिस्कोच्या ठेक्याची सरमिसळ असलेले ‘टर्बो-फोक’ प्रचंड लोकप्रिय झाले. त्सेत्सा या गायिकेने फेब्रुवारी १९९५ मध्ये अर्कान या निमलष्करी टोळीच्या म्होरक्याशी केलेले लग्न टीव्हीवर गाजले. त्याच्यावर पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवले. २००० मध्ये बेलग्रेडमधील एका हॉटेलात त्याची हत्या झाली. गायिका आणि बंदूकधारी यांची ही जोडी त्या काळातील झगमगाट आणि हिंसा यांच्या नात्याची खूण मानली जाते.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. युद्ध थांबल्यावर हीच गाणी सीमेपलीकडे साराएव्हो आणि झाग्रेबच्या क्लबांमध्ये वाजू लागली. बोस्नियातील मुस्लीम घरात जन्मलेली आणि बेलग्रेडमध्ये स्थिरावलेली लेपा ब्रेना २००९ मध्ये या दोन्ही शहरांत गायली. तिला विरोध झाला, पण तिकिटे घेऊन लोकही आले. काल ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्या गाण्यावर आज नाचणारी पिढी तिथे आहे. म्हणून त्यांच्यात समेट झाला असे म्हणता येत नाही. गाण्याने दार किलकिले केले, आत जाण्याचे काम राजकारणाने आणि न्यायालयांनी करायचे होते, आणि ते अर्धवटच झाले. जालन्याची तुलना या रक्तपाताशी होऊ शकत नाही. धडा मात्र घेता येतो : गाणे एकत्र नाचवू शकते, पण एकत्र नाचल्याने तक्रार मिटत नाही.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालयांच्या परिसरातील शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. डीजेच्या भिंतीसमोर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

हा कायदा आवाज आणि वेळ मोजतो, शब्द मोजत नाही. समाजासमाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेतील कलम १९६ आहे. पण मिरवणूक सुरू असताना कोणते गाणे अभिमानाचे आणि कोणते डिवचणारे, हे ठरवण्याचा भार रस्त्यावरील पोलीस शिपायावर पडतो. त्याचे आडनावही जमाव वाचत असतो. कारवाई एकाच मिरवणुकीवर झाली, तर तीच नव्या वादाचे कारण होते.

यावर उपाय काय?

काही गावांनी ग्रामसभेत डीजेबंदीचे ठराव केले आहेत. ते सर्व समाजांच्या, सर्व जयंत्यांना आणि सर्व लग्नांना सारखे लागू झाले, तर टिकतात. एका जयंतीच्या तोंडावर केलेला ठराव मात्र त्या समाजाला आपल्यावरचा डाव वाटतो. शांतता समितीच्या बैठकीत मार्ग आणि वेळ ठरते, तशी गाण्यांची यादीही आधीच ठरवता येते. डीजेवाल्याचे नाव आणि यादी पोलीस ठाण्यात लिहून ठेवली, तर ऐनवेळची फर्माईश नाकारायला त्यालाही आधार मिळतो. प्रार्थनास्थळासमोर, दुसऱ्या समाजाच्या वस्तीसमोर किंवा चौकात थांबून वाजवायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी बराच ताण कमी होऊ शकतो.

१९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, ३१ मे रोजी अहिल्यादेवी होळकर जयंती, १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती. जिल्ह्याच्या रस्त्यांवर हे चारही दिवस येतात. पुष्कळदा चारही मिरवणुकांना साउंडची गाडी तीच असते, जनरेटर तोच असतो आणि चालवणारा मुलगाही तोच. बदलते फक्त पेनड्राइव्हमधील गाण्यांची यादी. ती यादी आज ज्याचे पैसे, त्याच्या मर्जीने ठरते. गावाने आधी बसून ठरवली, तर त्या मुलालाही रात्री घरी सुखरूप परतता येईल.